एलसीडीवर नुसतेच काळे चौकोन! आर्डुइनोवाले, जरा बघता का?

निफाडचा_नातू
नमस्कार मंडळी,
आमच्या आजोबांची कांद्याची चाळ आहे. उन्हाळी कांदा एकदा चाळीत भरला की पुढे दिवाळीपर्यंत ते रोज हात घालून, वास घेऊन आतला अंदाज घेतात. त्यांना चाळीच्या दाराशीच तापमान आणि आर्द्रता दिसेल असं काहीतरी करून द्यायचंय.
सामान: आर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड (क्लोन), डीएचटी२२ सेन्सर, १६ बाय २ चा निळा एलसीडी. एलसीडीच्या पाठीवर चार पिनांचं आयटूसी मोड्यूल (दोनच डेटा वायरींवर बोलणारं) दुकानातूनच सोल्डर करून आलंय. व्हीसीसी ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, एसडीए ए४ ला, एससीएल ए५ ला. लायब्ररी लिक्विडक्रिस्टल आयटूसी, कोड तिच्याच उदाहरणातला.
कोड बिनतक्रार अपलोड होतो. सेन्सरचे आकडे सिरियल मॉनिटरवर (कॉम्प्युटरच्या पडद्यावर) व्यवस्थित येतात. डिस्प्लेवर मात्र वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन आणि खालची ओळ कोरी. डिस्प्ले खराब निघाला म्हणून बदलून आणू का?

खटपट्या
फोटो टाका. इथे कुणी नाडीवैद्य नाही.

पोटमाळा_पुणे
आधी यूएसबी काढून परत लावा. हसू नका, निम्मी दुरुस्ती अशीच होते.

सोल्डरताई
नातूभाऊ, डिस्प्ले बदलायला अजिबात नेऊ नका. तो जिवंत आहे आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगतोय.
या डिस्प्लेंच्या पोटात हिताचीचा एचडी४४७८० हा कंट्रोलर (पडदा चालवणारी चिप) असतो, किंवा हल्ली बहुतेक वेळा त्याची नक्कल (सिट्रॉनिक्सचा एसटी७०६६, सॅमसंगचा केएस००६६ वगैरे, काळ्या ठिपक्याखाली झाकलेली). वीज मिळाली की हा कंट्रोलर आपोआप एकओळी पद्धतीत उभा राहतो. म्हणून वरची ओळ काळी आणि खालची कोरी. आर्डुइनोकडून 'दोन ओळी, चार बिट' अशी सूचना पोचली की मगच चौकोन जातात. तुमच्याकडे ती पोचतच नाहीये.
माझा नेहमीचा शिरस्ता असा. मागचा दिवा पेटत नसेल तर वीज बघायची. दिवा आहे पण पडदा पूर्ण कोरा, तर पाठीवरचा निळा ट्रिमपॉट बारक्या स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू फिरवायचा, कॉन्ट्रास्ट गेलेला असतो. एका ओळीत चौकोन आले तर संवाद तुटलाय. भलतीच अक्षरं आली तर संवाद होतोय पण अर्धवट.
तुम्ही तिसऱ्या पायरीवर आहात. आयटूसी मोड्यूलवरच्या चिपचं नाव भिंगाने वाचा आणि इथे सांगा. पीसीएफ८५७४टी की पीसीएफ८५७४एटी?

निफाडचा_नातू
ताई, धन्यवाद. मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचलं. शेवटी एटी आहे.

सोल्डरताई
मग सापडलं. साध्या पीसीएफ८५७४ चे पत्ते हेक्स (सोळावर आधारलेली अंकपद्धत) २० ते २७, आणि 'ए' वाल्याचे हेक्स ३८ ते ३एफ. मोड्यूलवर ए०, ए१, ए२ अशा तीन जोड्या दिसतात, त्या मोकळ्या असतील तर सगळ्यात वरचा पत्ता लागतो. म्हणजे साध्याला २७, तुमच्याला ३एफ. उदाहरणांच्या कोडमध्ये जवळपास कायम २७ लिहिलेलं असतं. आर्डुइनो २७ नंबरच्या दारावर थापा मारतोय आणि त्या घरात कुणी राहतच नाही.
माझ्यावर विश्वास ठेवू नका, आयटूसी स्कॅनरचं स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) चालवा. तो सगळे पत्ते हाक मारून बघतो आणि कोण ओ देतं ते सिरियल मॉनिटरवर छापतो.

तात्या_८०५१
ही आयटूसीची पाठपिशवी आली आणि पोरांना आपण काय जोडतोय तेच कळेनासं झालं. आमच्या डिप्लोमाला ८०५१ मायक्रोकंट्रोलरच्या किटवर आठही डेटा वायरी जोडायला लागायच्या. आरएस, आर/डब्ल्यू (वाचायचं की लिहायचं ते ठरवणारी), ई या वेगळ्या. आणि प्रत्येक सूचनेनंतर डी७ वरून बिझी फ्लॅग (डिस्प्ले अजून कामात असल्याची खूण) वाचायचा, तो शून्य झाला की मगच पुढचं. आता सगळे आर/डब्ल्यू ग्राउंडला ठोकतात आणि डिले टाकून मोकळे होतात. डिस्प्लेने काही सांगायचं म्हटलं तर त्याचं तोंडच बांधलेलं.

खटपट्या
तात्या आले! चहा ठेवा.

पोटमाळा_पुणे
तात्या, उनोला पिना किती? डेटाच्या आठ आणि वरच्या तीन गेल्या की सेन्सर कुठे जोडायचा, जानव्याला?

तात्या_८०५१
चार बिटांनी जोड की मग! डी४ ते डी७ आणि आरएस, ई. सहा वायरी. ती सोय कंट्रोलर बनवणाऱ्यांनीच दिलीय. माझं म्हणणं एवढंच की एकदा तरी हाताने जोडून बघावं. व्ही० या कॉन्ट्रास्टच्या पिनेवर दहा के चा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) लावून कॉन्ट्रास्ट स्वतः फिरवला की पुढे आयुष्यात कोरा पडदा बघून घाबरायला होत नाही.

सोल्डरताई
तात्यांशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत), पण चाळीच्या दारावर सहा वायरींचा झुबका नको. शिकायला वेगळं, वापरायला वेगळं.

निफाडचा_नातू
स्कॅनरने ३एफ दाखवलं. कोडमध्ये २७ चं ३एफ केलं आणि लगेच अक्षरं आली!!! आजोबांना दाखवलं. ते म्हणाले, "इंग्रजीत कशाला लिहिलंय?"

अनुस्वार
आजोबांना माझ्याकडून +१००.
मराठीत करता येतं, पण थोडी खटपट आहे. नुसतं अवतरणात मराठी लिहून प्रिंट केलंत तर काय होतं ते एकदा गंमत म्हणून बघाच. देवनागरीचं एकेक अक्षर युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि हा बिचारा कंट्रोलर एका बाइटला एक अक्षर छापतो. आपल्याकडे मिळणाऱ्या डिस्प्लेंत बहुधा जपानी कातकाना लिपी असलेला ए०० रॉम (तयार अक्षरांचा पक्का साठा) असतो. त्यात 'न' पाठवला तर आधी ग्रीक अल्फा, मग जपानी स्वल्पविराम, मग एक बारका कातकाना 'इ'. प्रत्येक अक्षराच्या आधी अल्फा!
उपाय असा की कंट्रोलरमध्ये ६४ बाइटची सीजीरॅम असते. तिच्यात ५ बाय ८ ठिपक्यांची आठ अक्षरं आपण स्वतः काढून ठेवू शकतो. आठच. एका वेळी पडद्यावर त्याहून जास्त वेगळी घरगुती अक्षरं दिसू शकत नाहीत.

खटपट्या
आठ अक्षरांत मराठी? आमच्याकडे नुसती नावंच बारा अक्षरी.

अनुस्वार
म्हणून शब्द निवडून घ्यायचे. 'आर्द्रता' विसरा, तो रफार आणि जोडाक्षर पाच ठिपक्यांत कोंबाल तर किडा दिसेल. 'ताप' आणि 'ओल' एवढ्यावर भागवा. त, काना, प, ओ, ल अशी पाच घरं गेली, तीन उरली. उरलेल्यात पंख्याचं चित्र आणि 'से' बसवा. अंशाचं चिन्ह काढू नका, ए०० रॉममध्ये २२३ क्रमांकावर ते तयार आहे.
मी हे केलंय तेव्हा लक्षात आलेल्या गोष्टी:
शिरोरेषा दुसऱ्या ओळीत घ्या, पहिली ओळ मात्रेला मोकळी ठेवा. मग खाली सहा ओळी उरतात, त्यात 'त' आणि 'प' छान बसतात. 'ल' पाच रुंदीत गुदमरतो, त्याची डावी गाठ एका ठिपक्याची करा आणि देवाला सोडा. 'ओ' करताना मात्र कस लागतो. माझा 'ओ' बघून बायकोने ही कसली रांगोळी म्हणून विचारलं होतं.
दोन घरांमध्ये काचेवरच फट असते, त्यामुळे शिरोरेषा तुटक दिसणार. त्याला इलाज नाही. दोन हात लांबून बघितलं की डोळा ती जोडून घेतो.
आणि महत्त्वाचं: क्रिएटकॅर (अक्षर साठवायची सूचना) केल्यावर सेटकर्सर (कर्सर जागेवर न्यायची सूचना) केल्याशिवाय प्रिंट करू नका. अक्षर साठवताना कंट्रोलरचा पत्ता सीजीरॅमकडे गेलेला असतो, तो परत पडद्याकडे आणावा लागतो. नाहीतर तुम्ही छापताय असं तुम्हाला वाटतं आणि प्रत्यक्षात तुमच्या अक्षरांवरच काहीतरी लिहिलं जातं.

जोशी_उवाच
शून्य क्रमांकाचं अक्षर छापताना कंपायलर कुरकुरतो, त्यावर काय करता? मी दर वेळी बाइटमध्ये रूपांतर करून देतो.

अनुस्वार
त्याऐवजी ८ लिहा. ८ ते १५ हे ० ते ७ चेच आरसे आहेत. तेच अक्षर येतं.

जोशी_उवाच
अरेच्चा! वाखु (वाचनखूण) साठवली.

स्टुटगार्टची_सून
अवांतर: एवढं करण्यापेक्षा १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओलेड (ठिपके स्वतःच पेटणारा पडदा) का घेत नाही? एसएसडी१३०६ कंट्रोलरवाला. प्रत्येक ठिपका तुमचा, पाहिजे तशी देवनागरी काढा. आमच्या बागेतल्या शेडमध्ये आधी असाच १६ बाय २ होता. हिवाळ्यात शून्याखाली गेलं की आकडा बदलला तरी जुना आकडा विरायला वेळ घ्यायचा, दोन्ही एकमेकांवर दिसायचे. साधे पडदे शून्य ते पन्नास अंशांचेच असतात. ओलेड लावला, प्रश्न मिटला.

पोटमाळा_पुणे
वहिनी, निफाडलाही थंडीत पारा चांगलाच घसरतो बरं का, पेपरात दर वर्षी येतं. पण उन्हाळी कांदा तोवर विकून झालेला असतो.

सोल्डरताई
ओलेडचा पडदा नखाएवढा, एक इंचाच्या आत. आजोबा तो चष्मा लावूनही वाचणार नाहीत. शिवाय तेच आकडे त्याच जागी महिनोन्‌महिने पेटते राहिले की ते ठिपके मंदावतात, मग जुन्या आकड्यांची सावली कायम राहते. चोवीस तास चालणाऱ्या वस्तूला एलसीडी बरा.
फक्त निळ्याऐवजी पिवळ्या-हिरव्या पाठीचा घ्यायला हवा होता. निळ्यावरची पांढरी अक्षरं मागच्या दिव्यावरच जगतात, उन्हात धुऊन निघतात. पिवळा-हिरवा उजेडात दिवा बंद असला तरी वाचता येतो. दिव्याची वीजही वाचते.

स्टुटगार्टची_सून
उन्हाचा मुद्दा मान्य. नखाचा नाही, दीड इंची ओलेडही मिळतात.

खटपट्या
मोबाईलवर का नाही पाठवत सरळ? ईएसपी३२ (वायफायवाला बोर्ड) घ्या, आजोबांना ॲप द्या.

निफाडचा_नातू
चाळीत रेंज नाही. आणि आजोबांचा फोन बटणांचा आहे.

खटपट्या
माघार.

जोशी_उवाच
ईएसपी३२ चा विषय निघालाच आहे तर एक इशारा. त्याचा कारभार ३.३ व्होल्टचा. हा एलसीडी ३.३ वर चालवला तर कॉन्ट्रास्टला व्होल्टेज अपुरं पडतं, अक्षरं भुतासारखी पुसट येतात. आणि मोड्यूल ५ वर चालवलं तर पीसीएफ८५७४ ला 'एक' समजायला पुरवठ्याच्या ७० टक्के म्हणजे साडेतीन व्होल्ट लागतात. शिवाय त्याचे पुल-अप (लाइन वर ओढून धरणारे रेझिस्टर) ५ व्होल्टला बांधलेले. मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेज जुळवणारा) टाका. 'माझ्याकडे तसंच चालतं' म्हणणारे खूप भेटतील, त्यांचं खरंच चालत असतं, पण दुसऱ्या मोड्यूलवर तसंच चालेल याची हमी नाही.

वायरमनची_लेक
माझा डिप्लोमाचा प्रोजेक्ट आहे. प्रोटियसमध्ये (सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये) सगळं चालतं, बोर्डवर कोरा पडदा. आयटूसी नाही, सहा वायरीच आहेत.

तात्या_८०५१
शाब्बास, सहा वायरी! बाळ, प्रोटियसमध्ये व्ही० मोकळा सोडला तरी अक्षरं दिसतात, खऱ्या काचेवर नाही. तिसरी पिन. पॉट नसेल तर ती तात्पुरती सरळ ग्राउंडला लाव, चौकोन गडद दिसतील, म्हणजे खात्री पटेल. पॉटवर नीट दिसणारी जागा बहुधा अर्ध्या-एक व्होल्टच्या आसपास सापडते. आणि पाचवी पिन, आर/डब्ल्यू, ग्राउंडला आहे ना? माझी मतं काहीही असोत, ती हवेत ठेवायची नाही.

वायरमनची_लेक
काका, आलं!! व्ही० मोकळाच होता. थँक्यू!

निफाडचा_नातू
मंडळी, परत आलो. डिस्प्ले दारावर लावला, 'ताप' आणि 'ओल' पण जमलं (ओ ला अजून सगळे हसतात). सेन्सर आणि आर्डुइनो आतमध्ये मधोमध, तिथून डिस्प्लेपर्यंत सहा मीटर केबल. आर्द्रता वाढली की रिलेवरून (विजेवर चालणाऱ्या स्विचवरून) २३० व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा लागतो. अडचण अशी की पंखा बंद होताना कधीकधी पडद्यावर सगळा कचरा होतो. हॅश, अल्फा, काहीबाही. आकडे बदलतात तसा कचरा बदलतो, पण नीट होत नाही. रीसेट दाबला की ठीक.

पोटमाळा_पुणे
कांद्याने रडवलं शेवटी.

तात्या_८०५१
ही चौथी पायरी, ताईंनी वर सांगितलेली. आता नीट ऐक.
चार बिटांच्या पद्धतीत प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत जातं, आधी वरचे चार बिट, मग खालचे. पाठपिशवी आयटूसीची असली तरी तिच्यापुढे काचेपर्यंत हाच मामला. '२' चा बाइट हेक्स ३२, '७' चा ३७. म्हणजे वाटेवर ३, २, ३, ७ असे तुकडे चाललेत. पंख्याच्या ठिणगीने पहिला ३ गळला, की डिस्प्ले २ आणि ३ ची जोडी लावतो. २३ म्हणजे हॅश. पुढचा ७ त्याच्या पुढच्याशी जोडला जातो. एकदा पाऊल चुकलं की सगळी पंगत एका पानाने सरकते आणि तशीच पुढे चालू राहते. आणि आर/डब्ल्यूचा उपयोग तुमची लायब्ररी करत नाही, त्यामुळे आर्डुइनोला याचा पत्ताच नाही.
कोडमध्ये दर पाच-दहा मिनिटांनी डिस्प्ले नव्याने सुरू करायची सूचना द्या. त्या सुरुवातीत ३ हा तुकडा तीनदा पाठवून मग २ पाठवतात. कंट्रोलर कुठल्याही अवस्थेत असला तरी त्याने ताळ्यावर येतो, तो क्रम त्यासाठीच आहे.

सोल्डरताई
ही मलमपट्टी झाली तात्या. जखम केबलमध्ये आहे.
आयटूसी ही एका बोर्डावरच्या चिपांनी आपसात बोलायची सोय, तिला सहा मीटर ताणायची नाही. वायरीची एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवायची असते, लांब केबलने ती सहज ओलांडते. आर्डुइनो दारावर डिस्प्लेच्या डब्यातच न्या, आयटूसी वीतभर ठेवा आणि लांब वायर डीएचटी२२ ला द्या. त्याची एकच डेटा लाइन आणि तिचा वेग कमी, चांगल्या पुल-अपवर तो काही मीटर सहज जातो. डिस्प्लेच्या व्हीसीसी-ग्राउंडवर ०.१ मायक्रोफॅरड आणि सोबत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. रिलेच्या कॉईलला स्वतंत्र पुरवठा द्या.
पंख्याच्या बाजूला रिलेच्या संपर्कांवर स्नबर (ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) हवा. तयार मिळतो, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा. घेताना कपॅसिटर एक्स२ प्रकारचा आहे ना ते बघून घ्या, साधा कपॅसिटर २३० वर लावायचा नाही. हे काम मेन स्विच पाडून, आणि सवय नसेल तर गावातल्या वायरमनकडून.

वायरमनची_लेक
बाबांना विचारलं. ते म्हणतात स्नबर लावाच, रिलेचे पॉइंटही जास्त टिकतात.

तात्या_८०५१
ताईंचं बरोबर आहे. पण माझी मलमपट्टीही ठेवा. शेतावर वीज कशी येते ते मला माहितीय.

निफाडचा_नातू
दोन्ही केलं. आर्डुइनो दारावर आणला, सेन्सरला लांब वायर दिली, स्नबर वायरमनकाकांनी लावून दिला. कचरा यायचा बंद झालाय. पंखा मुद्दाम चालू-बंद करून बघितला.
एक उरलंय. दुपारी ऊन डब्यावर आलं की अक्षरांमागचे चौकोन पण दिसायला लागतात, संध्याकाळी आपोआप ठीक. आणि पडदा सारखा लुकलुकतो.

सोल्डरताई
काच तापली की तेवढ्याच व्होल्टेजला जास्त काळी होते, तेवढंच. ट्रिमपॉट भर दुपारी जुळवा, सकाळी थोडं फिकं चालेल. डब्याला वरून पत्र्याची छोटी पडवी करा.
लुकलुकणं म्हणजे लूपमध्ये दर वेळी क्लिअर करताय. पडदा पुसायला कंट्रोलरला दीड मिलिसेकंद लागतात, नेहमीच्या सूचनेला ३७ मायक्रोसेकंद. क्लिअर काढून टाका आणि कर्सर त्या जागी नेऊन नवा आकडा जुन्यावर लिहा.

जोशी_उवाच
आणि आकड्यामागे एक मोकळी जागा छापा. नाहीतर १०० वरून ९९ झालं की ९९० दिसेल आणि आजोबा चाळ उघडून धावतील.

अनुस्वार
आता आजोबांचं मत काय?

निफाडचा_नातू
हात घालून वास घेणं चालूच आहे. पण आधी पडद्यावर बघतात, मग हात घालतात, आणि "बरोबर दाखवतोय" असं मशीनला सर्टिफिकेट देतात. कांद्याला २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के ओल चांगली हे त्यांना आकड्यांत माहीत नव्हतं. हाताला मात्र ते पाठ आहे असं दिसतंय. शेजारच्या काकांनीही मागितलाय, त्यांना चार चाळींचं एकाच पडद्यावर हवंय. २० बाय ४ चा डिस्प्ले घेऊ का?

पोटमाळा_पुणे
ऑर्डर आली! ॲडव्हान्स घ्या.

जोशी_उवाच
घ्या, लायब्ररी तीच चालते, फक्त सुरुवातीला २० आणि ४ सांगायचं. एक खोड लक्षात ठेवा. त्याच्या आत ओळी एकाखाली एक नसतात. पहिल्या ओळीच्या शेवटानंतर तिसरी सुरू होते आणि दुसरीनंतर चौथी. पहिल्या चाळीचा मजकूर वीस अक्षरांच्या पुढे गेला तर तो तिसऱ्या चाळीच्या ओळीत शिरेल. प्रत्येक ओळीआधी सेटकर्सर द्या आणि मजकूर वीसमध्ये बसवा.

अनुस्वार
आणि २० बाय ४ वरही घरगुती अक्षरं आठच बरं का. चाळींना नावं देऊ नका, आकडे द्या.